आबा, माळ पडीक नव्हता

आबा,

आज दुपारी प्रयोगशाळेतून मातीचे अहवाल आले. एरवी असा कागद हातात पडला की मी आधी आकडे बघते. आज आधी तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष लागलं, आणि तुम्हाला सांगावं असं काही हाती आलं ते आत्ता. म्हणून लिहायला बसले.

तुमचं बरोबर होतं, आबा. मी चुकले.

सांगवीला घरच्या शेतात पाटाचं पाणी, ऊस, सगळं असताना तुम्ही दर आठवड्याला मोटारसायकल काढून इंदापूरकडच्या आपल्या माळावर का जाता, हे आईला कधी कळलं नाही. आठ एकर मुरमाड जमीन, मारवेल आणि पवन्याचं गवत, चार-दोन बाभळी. मेंढरं चरून जायची, तुम्ही कुणाला अडवलं नाही. नांगर मात्र लावू दिला नाहीत. "गवत एकदा गेलं की परत यायचं न्हाय," एवढंच म्हणायचात.

जंगलं, माळ, पाणथळी हवेतला किती कर्ब धरून ठेवतात, ते मोजण्याची नोकरी मला लागली. तुम्ही पारावर सगळ्यांना सांगितलंत, "माझी सुमन हवा मोजती." लोक हसले, तरी सांगत राहिलात.

आणि मी काय केलं? पहिली आपल्याच माळावर टेप घेऊन आले. तेव्हा आम्ही झाडांचे बुंधे मोजायचो आणि त्यावरून कर्बाचा हिशेब मांडायचो. गवताला आमच्या तक्त्यात जवळजवळ काहीच किंमत नव्हती. मी कागदावर लिहिलं: पडीक जमीन, वृक्षलागवडीस योग्य.

"आबा, इथं झाडं लावली तर कर्ब साठेल. आमची संस्था सगळं करून देईल," मी म्हणाले.

तुम्ही कुदळीनं गवताचा एक ठोंब खणून माझ्यापुढं धरलात. "ह्याची मुळं बघ. वर गुडघाभर, खाली त्याच्याहून जास्त. ही मोजलीस का?"

"मुळं नाही मोजत आम्ही."

"मग मातीत काय हाय, ते कसं कळतं?"

मी चिडले. "तुम्हाला हे कळायचं नाही, आबा."

एवढं एक वाक्य परत घेता आलं असतं तर.

दोन दिवसांनी तुम्ही संमतीपत्रावर सही केलीत. मला वाटलं, पटलं. खूप नंतर आई म्हणाली, "पटलं न्हवतं गं. पोरीच्या नोकरीत आपण आडवं कशाला यायचं, म्हणाले." मला का नाही सांगितलंत? भांडला असतात, तर कदाचित थांबले असते. कदाचित नसतेही. पण भांडायला तरी हवं होतंत.

रोपांसाठी चर खणायचं यंत्र आलं त्या सकाळी तुम्ही एकदाच पुढं झालात. बांधालगत टिटवीची अंडी होती. "एवढा तुकडा राहू द्या. तिला उठवू नका." चालक माझ्याकडं बघायला लागला. मला तुमची लाज वाटली, आबा. तरी हो म्हणाले. तेवढी पट्टी वाचली. बाकी सगळ्या माळावर चर पडले.

रोपांनी पहिला उन्हाळा काढला नाही. दुसऱ्यांदा लावली, तीही गेली. उकरलेली माती पावसात वाहिली. गवत आलं नाही, मेंढरं दुसरीकडं वळली. तुम्ही माळावर जाणं सोडलंत. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

शेवटी बारामतीच्या दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "माळ कसा हाय?"

"बरा आहे. झाडं धरलीत."

तुम्ही माझा हात थोपटलात. खोटं कळलं होतं ना तुम्हाला?

आता आमची मोजायची रीत बदलली आहे. माती खोलवरून काढून तपासतो. जमिनीवर उलट्या बादलीसारखं भांडं ठेवून मातीतून कोणता वायू किती निघतो, तेही बघतो. यंदा मी आपलाच माळ मागून घेतला. काही नमुने चरांतले, काही टिटवीच्या पट्टीतले. पिशव्या शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हाच रंगावरून ओळखलं: पट्टीतली माती काळसर, चरांतली फिकी. आज कागदावर आलं: पट्टीतल्या मातीत कर्ब कितीतरी जास्त आहे. गवताच्या मुळांनी पिढ्यान् पिढ्या जमवलेलं मी दोन दिवसांत उघडं पाडलं. तेही कर्ब साठावा म्हणून.

आता शेजारच्या गावच्या गायरानावर तशीच लागवड ठरते आहे. तिथल्या कागदावरही 'पडीक' लिहिलंय, खाली सही माझीच. सोमवारी ग्रामसभा आहे. आमचे साहेब म्हणाले, "अहवाल पाठवून द्या. स्वतः जाऊन आपलीच चूक कशाला सांगायची?"

मी जाणार आहे, आबा. लोकांना आधी आपल्या माळावर नेईन. हे चर मी पाडले, वडिलांचं न ऐकता पाडले, हे त्यांच्यासमोर सांगेन आणि तिथली माझी शिफारस मागं घेईन. सभेत एखादं म्हातारं माणूस त्या गवताबद्दल सांगायला उठलं, तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. हा तुम्हाला शब्द.

उशिरा का होईना, तुमचं ऐकणारी,
सुमन