वाचनाचा रकाना

मंगळवार, ८ जुलै

नव्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम आज न सांगता माझ्या तिसरीत आल्या आणि थेट मागच्या बाकावर बसल्या! आधीचे खुशालराव सर बरे होते — उंटावरून शेळ्या हाकायचे. ऑफिसातच पाठाच्या टाचणावर सही, वर चहा.

पाहुणे आले की उभं करायची माझी आचल ठरलेली. तिनं धडा खडाखडा वाचला. मग मॅडमनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं, इथून वाच म्हणाल्या. पोरगी गप्प! नोंदवहीत तिच्या नावापुढं, वाचनाच्या रकान्यात, मीच लिहिलेलं — ‘परिच्छेद वाचते’.

‘‘पोरगी वाचून नाही राहिली, रागिणी मॅडम. पाठ म्हणून राहिली.’’

आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते.

बुधवार, ९ जुलै

बडनेऱ्याहून येताना स्कूटीवर सगळं भांडण तयार करून ठेवलं होतं. अठ्ठावीस मुलं, त्यात रोज ऑनलाइन माहिती भरायची — शेरा वाईट पडला असता तर सोडणार नव्हते. पण त्यांनी शेराच लिहिला नाही. म्हणाल्या, रोज मधल्या सुट्टीआधी अर्धा तास तुमचा वर्ग मी घेते, तुम्ही आचलजवळ बसा. पुस्तक बंद, ते तिला मोठ्या भावाचं ऐकून पाठ आहे. घरून बियाण्याची रिकामी पिशवी आणायला सांगा.

बियाण्याची पिशवी! हसू आलं. रागही आला.

गुरुवार, १७ जुलै

पिशवीवर छापलेल्या ‘सोयाबीन’वरच आचलचे चार दिवस गेले. माझ्यानं होत नाही, असं मॅडमना सांगून टाकलं.

‘‘मलेही पहिल्या वर्षी जमत नव्हतं. बसा अजून.’’

बसले.

सोमवार, ११ ऑगस्ट

‘पेरणीपूर्वी’! आधी ‘पेरणीपुवी’ म्हणाली. थांबली. मागं गेली, आणि स्वतःच सुधारलं! बारा वर्षं शिकवतेय, पण मूल वाचायला लागतं तो क्षण इतक्या जवळून आजच पाहिला. डोळे भरून आले. फार आनंद झाला.

मॅडम म्हणाल्या, उद्या शेरा लिहिते. चांगलाच लिहिणार, चेहऱ्यावर दिसत होतं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मॅडमनी पेन उघडलं आणि मी थांबवलं. आचल एकटी नाही — आणखी चौघांचे रकाने मी असेच भरलेत. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नावं मीच सांगितली.