राजाच्या घरी चूल पेटली नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ठरलं! परदेशातली जुनी शोकांतिका कसबा बावड्यात आणायची. कॉलेजात तीस वर्षं शिकवली, पोरं झोपली. आता बघू कोण झोपतंय!
राजा रागाच्या भरात थोरल्या भावाला वादळात गडाबाहेर काढतो. दार उघडेपर्यंत भाऊ मेलेला. मूळ नाटकात बर्फ आहे. मी गगनबावड्याचा पाऊस घातला. शेवटच्या 'हे विधात्या' स्वगताची अडीच पानं कापून तिथं 'आरं देवा!' — बस्स. राजा मीच. भाऊ, डेअरीतला पिराजी.
बायको म्हणाली, "दादांना सांगणार न्हवं?"
दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पलीकडच्याच गल्लीत. शेताच्या बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद. सांगणार नाही!

बुधवार, १२ फेब्रुवारी
तालमीला शेजारची तानाबाई येऊन बसली. ऐन प्रवेशात ओरडली, "दार उघड की मुडद्या! भिजाय लागलंय त्ये!"
म्हटलं, शोकांतिका आहे, भाऊ मरायलाच लागतो.
"कोण म्हणतंय? लिवणाऱ्याला फोन लाव."
तो कधीच वारला म्हटल्यावर, "मग कोण इचारतंय? वाचीव की!"

गुरुवार, १३ फेब्रुवारी
तानाबाईनं भावाला वाचवायला सह्या गोळा केल्यात. सत्तावन्न! त्यात पिराजीचीही आहे. हरामखोर.

शनिवार, २२ फेब्रुवारी
प्रयोग झाला. मारलाच पिराजीला! पटांगण चिडीचूप. मी दार उघडून खाली बसलो. 'आरं देवा' म्हणायचं होतं, तोंडातून 'दादा' गेलं. कुणाला कळलं नसावं.

रविवार, २३ फेब्रुवारी
सकाळी तानाबाई दारात. हातात पिठलं-भाकरी!
"मयताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय?"
म्हटलं, अगं, पिराजी जिवंत आहे, आत्ताच तू त्याच्याकडं दूध घालून आलीस!
"त्यो पिराजी. तुजा भाऊ गेला न्हवं काल?"
दुपारपर्यंत सहा घरची पिठली. हसून हसून पोट दुखलं. बायको हसली नाही.

रविवार, संध्याकाळ
सातवा डबा. घेऊन दादा स्वतः.
"तुजा भाऊ गेला म्हणं. म्हटलं, भेटून यावं."
मी दार सताड उघडलं.