कादंबरीतल्या सरदाराचं सुतक

बाबा, तुम्ही ज्याचं सुतक पाळलंत तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. बखरीत त्याचं नाव नाही, दप्तरात नाही, कुठल्या घराण्याच्या वंशावळीत नाही. तुम्हीच प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंत की हा सरदार तेवढा काल्पनिक, बाकी सगळ्याला कागद आहे. कादंबरी साप्ताहिकातून येत होती, दर आठवड्याला एक प्रकरण, आणि अख्खी पेठ त्या सरदाराच्या प्रकृतीची चौकशी करायची. मग एका आठवड्यात तुम्ही त्याला मारलंत. लिहिलंत तेव्हा तुम्हाला काही झालं नाही. त्या दिवशी तुम्ही दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या होत्या. पण अंक हातात आला त्या सकाळी तुम्ही नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलंत, ओल्या पंचाने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि आईला म्हणालात, "आज देवापुढे दिवा लावू नकोस. मला सुतक आहे." शोकालाही प्रकाशनाचा दिवस बघावा लागतो, हे मला सहावीतच कळलं.

आई कणीक मळत होती. तिने विचारलं, "कुणाचं?" तुम्ही सरदाराचं नाव सांगितलंत. तिने हात धुतले, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, मारणाऱ्यानेच सुतक धरायचं, हे कुठल्या शास्त्रात आहे?" दाढी वाढवलीत, पुढच्या खोलीत घोंगडी अंथरलीत आणि दहा दिवस बसलात. यात वेडे एकटे तुम्ही असतात तर मी हे पत्र लिहायला घेतलं नसतं. पण लोक यायला लागले. चपला दाराबाहेर काढून, तोंडं पाडून, खाली मान घालून बसायचे. कुणी म्हणायचं, "वय झालं नव्हतं हो." कुणी म्हणायचं, "जखम चिघळली तेव्हाच मी घरी बोललो होतो, हे लक्षण बरं नाही." समोरच्या इमारतीतल्या काकू झाकून पातेलं घेऊन आल्या आणि आईच्या हातात देत म्हणाल्या, "आज चूल पेटवू नका. पिठलं-भात आहे." मेलेल्या माणसाच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचा तो पिठलं-भात, बाबा, शाईच्या माणसासाठी! आईने तो घेतला, काकू वळल्यावर मला म्हणाली, "खाऊन घे. आपल्याकडे कोण गेलंय ते विचारू नकोस."

खरंच कोण गेलं ते चौथ्या दिवशी कळलं. सकाळी खालच्या वाण्याकडे फोन आला की खडकीला आजोबा गेले. आईचे वडील. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मामाच्या क्वार्टरमध्ये राहणारा, मोजकं बोलणारा माणूस; तुमच्या पुस्तकांतल्या लढायांत तोफा कशा उडतात हे वाचून फक्त एवढंच म्हणायचा, "जावईबापूंची तोफ फार लवकर गार होते." आई पायात चप्पल घालता घालता तुम्हाला म्हणाली, "चलताय ना?" तुम्ही घोंगडीवर होतात. तुम्ही म्हणालात, "तू हो पुढे. आज लोक यायचे आहेत." हे वाक्य मी तुमच्या समग्र साहित्यात शोधलं. सापडलं नाही. एवढं खास तुमचं वाक्य, आणि तुम्ही कुठल्याच पात्राला दिलं नाहीत.

मी आईबरोबर गेले. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. सकाळी आजोबांनी स्वतः त्यात ढलप्या घातल्या होत्या, जाळ केला होता, "पाणी तापलं की हाक मार" असं मामीला सांगून खुर्चीत बसले होते, आणि तिथेच संपले होते. आम्ही पोचलो तेव्हा बायका आत रडत होत्या आणि तो बंब अंगणात एकटा धुमसत उभा होता. आई आत जायच्या आधी त्याच्याजवळ गेली. तोटी किंचित फिरवली, खाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. मग आत गेली.

तिला माहेरी तीन दिवस राहायचं होतं. मुलीला तेवढंच सुतक, असं तुम्हीच शास्त्र सांगून ठेवलेलं. पण दुसऱ्या दिवशी मामांच्या शेजाऱ्यांकडे तुमचा फोन आला की घरी रीघ लागली आहे, चहापाण्याचं कोण बघणार. बापाच्या सुतकातल्या बाईने परक्यांना चहा कसा करायचा, असा प्रश्न मामीने केला. तुमच्याकडे उत्तर तयार होतं: आपल्या घरात तसंही सुतकच चालू आहे. म्हणजे सोयच झाली. आई परत आली, केस ओले, चेहरा सुजलेला, आणि ट्रे घेऊन पुढच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे बिस्किटांची बशी घेऊन उभी.

तिथे तुमचे ते निवृत्त हेडमास्तर बसलेले, काठीवर दोन्ही हात ठेवून. आईला बघून अर्धवट उठले. "वहिनी, फार वाईट झालं."

आईला वाटलं, तुम्ही त्यांना सांगितलं. कुठल्याही बाईला तसंच वाटलं असतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "मी पोचले तेव्हा बंबातलं पाणी अजून कढत होतं हो."

हेडमास्तरांचे डोळे चमकले. "वा! काय बारकावा आहे!" ते तुमच्याकडे वळले. "हे पुढच्या प्रकरणात येतंय वाटतं? वहिनींनी आधीच फोडलं म्हणायचं!" आणि हसले. मोठ्याने नाही, सुतक असलेल्या घरात हसतात तेवढंच.

तुम्ही काय केलंत ते मी बघितलं, बाबा. तुम्ही फक्त "यांचे वडील गेले काल" एवढं म्हटलं असतंत तरी पुरलं असतं. मी वाट बघत होते. आईही बघत होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग खाली बघितलंत, आणि तुमचा उजवा हात गुडघ्यावर हलायला लागला, वाक्य मनात उतरवून घेताना हलायचा तसा. आई आत गेली. मी बशी तिथेच ठेवली आणि आत गेले तर ती दुधावरची साय काढत होती, दुसऱ्या फेरीच्या चहासाठी.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सरदाराची विधवा छावणीत पोचते, राहुटीमागे चूल धुमसत असते, आणि ती म्हणते, "मी पोचले तेव्हा हंड्यातलं पाणी अजून कढत होतं हो." पुढे तीन पानं ती रडते. पत्रांच्या गोण्या आल्या. समीक्षकांनी लिहिलं की मराठीत स्त्रीचा शोक इतका उघडा कुणी ठेवला नव्हता. पोरी वक्तृत्व स्पर्धेत ते वाक्य म्हणून पेले घेऊन आल्या. एकच शब्द तुम्ही बदललात, कारण त्या काळात बंब नव्हता. केवढी ही इतिहासनिष्ठा! बायकोचा बाप उचललात, तिचं बोट भाजलेलं पाणी उचललंत, तिचा "हो"सुद्धा उचललात, फक्त भांडं तेवढं काळाला धरून ठेवलंत.

एक गोष्ट तुमच्या बाजूने लिहायला हवी, नाहीतर समासात "एकांगी" असा शेरा माराल. सुट्टीत तुम्ही मला दप्तरखान्यात न्यायचात. मोडी तुम्हीच शिकवलीत. एकदा एका कारकुनाचं पत्र पुढे ठेवलंत, धान्याचे भाव, घोड्यांची वैरण, आणि मध्येच स्वतःचा मुलगा वारल्याची एक ओळ. तुम्ही त्या ओळीच्या आधी बोट ठेवून म्हणालात, "इथे बघ, अक्षर एकदम काळं झालंय. बोरू पुन्हा शाईत बुडवलाय. मागचं अक्षर फिकं नव्हतं, म्हणजे गरज नव्हती. हात थांबला होता त्याचा." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. अकरा वर्षांच्या मला वाटलं, माझ्या बापासारखा माणूस नाही. आजही वाटतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा थांबलेला हात ज्याला दिसतो, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरात साय काढणारा हात दिसत नाही, असा दुसरा माणूस नाही.

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. शोकसभेत अध्यक्षांनी माईकवर तेच वाक्य म्हटलं, आवाज कापरा करून. आई पहिल्या रांगेत. ती माझ्याकडे कलली आणि पुटपुटली, "बंब होता." मी तोवर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायला लागले होते. पहिला लेख वाचून तुम्ही म्हणाला होतात, "चिमटे काढायला अक्कल लागत नाही, नखं लागतात." नखं आईची आहेत, बाबा. ती तुम्ही उचलायची विसरलात.

आता नवी आवृत्ती निघते आहे. तुमच्या प्रकाशकाचा मुलगा धंदा बघतो, बोलायला लाघवी आहे. त्याचा फोन आला: "ताई, मागच्या कव्हरवर ते हंड्याचं वाक्य मोठ्या टायपात टाकतोय. आणि तुमच्या आठवणी द्या ना दोन पानं. गोड गोड." मी म्हटलं, "गोड हवं असेल तर मिठाईच्या दुकानात विचारा." पण फोन ठेवला आणि लिहायला बसले. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होते तो आयता चालून आला होता. तुमच्याच पुस्तकात, तुमच्याच नावाखाली, तुमचं सगळं काढायचं. घोंगडी, हेडमास्तर, चहाचा फोन. दोन पानांची आठ झाली. आयुष्यात एवढं चांगलं मी काही लिहिलेलं नाही. एकेक वाक्य लावताना मला जो आनंद झाला तो सांगितला तर तुम्हाला माझी भीती वाटेल.

मग ती पानं आईला वाचून दाखवली. ती ऐंशीच्या पुढे आहे, मटार सोलत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे छापू नकोस."

"का? खोटं आहे काही?"

"खरंच आहे. म्हणून तर लोक येतील मला बघायला. पुन्हा चहा कोण करणार?"

"आई, त्यांनी तुझं वाक्य चोरलं."

"वाक्य चोरलं ते चोरलंच." तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. "पण त्या सरदाराच्या बायकोला त्यांनी तीन पानं रडू दिलं. मला कुणी दिलं होतं? मामीकडून उचलून आणलं, इकडे कप विसळत उभी. मग ते छापून आलं. तुम्ही दोघं नसताना मी ती तीन पानं काढून बसायचे. माझ्या अप्पांसाठी जे काय रडले ते तिथेच."

बाबा, मला वाटलं होतं तुमच्यावरचा माझा राग आता वाढायला जागा उरलेली नाही. चूक. बापासाठी रडायलासुद्धा तिला तुमच्या पुस्तकात यावं लागलं, पान उघडून, तुमच्या परवानगीने. यापेक्षा वाईट त्या आठ पानांत काहीच नव्हतं.

मी विचारलं, "मग काहीच नको करू?"

तिने पुढची शेंग उघडली. "तेवढा बंब कर," ती म्हणाली. "अप्पांच्या अंगणात हंडा नव्हता."

हक्क तुमच्यामागे आमच्याकडे आहेत. मुद्रितं आली तेव्हा मी एक शब्द खोडला, एक लिहिला. आत आणि मागच्या कव्हरवर. प्रकाशकाच्या मुलाचा तासाभरात फोन. "ताई, अहो, पेशवाईत बंब? लोक फाडून खातील. साहेबांची सगळी तपश्चर्या एका शब्दावर जाईल!"

"जाऊ दे."

"पण अशी दुरुस्ती कुणाच्या सांगण्यावरून म्हणून सांगू मी?"

"मूळ लेखिकेच्या," मी म्हटलं.

पुस्तक छापायला गेलं आहे. तुमच्या एकेका तारखेसाठी भांडलेले तुमचे भक्त आता तुमच्या सर्वांत गाजलेल्या वाक्यात तांब्याचा बंब बघतील आणि एकमेकांना फोन करतील. कुणी म्हणेल, म्हातारपणी घसरले. कुणी जुनी आवृत्ती काढून दाखवेल आणि मग वाद होईल, आणि त्या वादात तुमच्या बाजूने बोलायला तुम्ही नसाल. एखाद्या चर्चासत्रात हेडमास्तरांसारखाच कुणीतरी काठीवर हात ठेवून मान हलवेल. मी मागच्या रांगेत बसून ऐकणार आहे. आईलाही नेईन, ती आली तर.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यातली दोन-तीन वाक्यं वापरली असती. पण एक कबुली देते, इथेच, कुणी वाचणार नाही म्हणून. गेल्या आठवड्यात दोन दुपारी मी दप्तरखान्यात जाऊन बसले होते. घरखर्चाचे कागद मागवले, भांड्याकुंड्यांच्या नोंदी. हंडे आहेत, घंगाळी आहेत, तपेली आहेत. त्या काळातला एखादा बंब कुठे निघतो का, ते बघत होते. निघाला असता तर तुमची अब्रू वाचली असती. नाही निघाला. सोमवारी पुन्हा जाणार आहे.