खाऱ्या पाण्याची हापशी

बाबा, तुमची हापशी गेल्या आठवड्यात बंद केली. दांडा काढून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवलाय. बंद करायचा आदेश माझ्याच सहीनं निघाला, कारण आता संग्रामपूरच्या पंचायत समितीत पिण्याच्या पाण्याचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही सरपंच असताना ज्या कचेरीच्या बाकावर दिवसच्या दिवस बसून ती हापशी मंजूर करून आणलीत, त्याच कचेरीत मी खुर्चीवर बसते. तुम्ही असता तर माझं कौतुक केलं असतं की अबोला धरला असता, मला खरंच ठरवता येत नाही.

बोअरला पाणी लागलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी शाळेच्या कपड्यांतच धावत आलेय, नारळ फुटलाय, मशीनवाल्यांना तुम्ही स्वतःच्या हातानं चहा देताय. पहिला घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं, तर तुम्ही म्हणालात, "खारं असन, पन आपल्या गावात हाये." त्याआधी बाया नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणायच्या, तेव्हा खारटपणाचं कुणाला काय वाटणार? त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. नवी सून आली की आधी नाक मुरडायची, आणि एकदा सवय झाली की तिला माहेरचंच पाणी बेचव लागायचं. एकदा सरपंचाची लेक म्हणून मी रांग मोडून घागर पुढे लावली, तर तुम्ही भरलेली घागर सगळ्यांदेखत ओतून दिलीत आणि मला शेवटी उभं केलंत. फार राग आला होता तुमचा. पुढे तुमच्या पायांवर सूज आली, किडन्या निकामी होत गेल्या, अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, पाणी मोजून प्यायची वेळ आली. तरी जो काही घोट मिळे, तो तुम्हाला हापशीचाच हवा असायचा.

आता धरणाचं पाणी नळानं घरोघरी येतं. मला वाटलं, गाव सुटलं एकदाचं. पण लोक नळाच्या पाण्यानं कपडे धुवायचे, म्हशी धुवायचे, डाळ शिजवायचे आणि प्यायला मात्र हापशीवर जायचे. नळाचं पाणी अळणी लागते, म्हणायचे, तहानच भागत नाही. तपासणीत हापशीचं पाणी पिण्याजोगं नाही असं आलं, आम्ही तिला धोक्याचा लाल रंग दिला. बायांनी मलाच विचारलं, रंग त दिला, पन पान्याले काय झालं? गावात सुजलेल्या पायांची माणसं वाढत होती, आणि मी भिंतींवर सूचना रंगवत फिरत होते.

शेवटी ग्रामसभा बोलावली. तुमच्याबरोबर पंचायतीत बसणारे काका उठले. म्हणाले, "तुह्या बापानं आणली हे हापशी. त्यानं काय गावाले इख पाजलं का?" सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. समोर बायांमध्ये आई बसली होती. मी म्हणाले, "हो काका, पाजलं. बाबाले मालूम नव्हतं. तेबी तेच पेत राह्यले, अन् त्याच्यानंच गेले." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते खाली बसले. ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी माणसं येऊन दांडा काढून गेली. आता सगळे नळाचं पितात. काम झालं, बाबा. पण तुमच्या आयुष्यभराच्या कमाईवर मी चारचौघांत पाय दिला, आणि त्याचं दुःख मला ऑफिसात कुणाला सांगता येत नाही.

आणि ते वाक्य पुरतं खरंही नव्हतं. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना मी तेव्हाच विचारलं होतं. पाण्यानं झालं असेल, बीपीनं झालं असेल, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनीही झालं असेल, नक्की सांगता येणार नाही, असं ते म्हणाले होते. सभेत उभी राहिले तेव्हा मला ते आठवत होतं. तशी शंका बोलून दाखवली असती तर गावानं हापशी सोडली नसती.

त्या दिवसापासून आई नीट जेवत नाही. काल ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "मीच त भरून देत होती त्यायले पानी." डॉक्टरांचं बोलणं तिला सांगितलं तर तिच्या जिवाला थोडा आराम पडेल. पण दुपारपर्यंत ते सगळ्या आळीत पसरेल, आणि दांडा परत बसवायला कितीसा वेळ लागतो? हे लिहिलेलंही मी घरात ठेवणार नाही, कारण ती कुणाकडून तरी वाचून घेईल. तिला मी काहीच सांगितलेलं नाही, बाबा. रोज तिच्यासमोर जेवायला बसते आणि गप्प राहते.