सूर्याले लावलेली तीट

माघ शुद्ध २, शके १७८५. अमरावती
दर्यापुराहून गाडीत हाडं खिळखिळी झाली, तरी उतरल्यावर कोणी पाणी विचारलं नाही. जावई खुशालराव मले थेट परसात घेऊन गेले. यंदा कापूस तेजीत. लोक बैलाच्या शिंगाले चांदी मढवतात, आमच्या जावयानं एका साहेबाची दुर्बीण घेतली अन् तिच्यासाठी घुमट बांधून राहिले. असो. पोरगी सत्यवती सुखात आहे. तीन महिन्यांची नात, लोण्याचा गोळा. ताकही चांगलं. माझ्या बुढ्या बापानं धुळपाटीवर शिकवलेली अक्षरं अजून येतात, म्हणून लिहून ठेवते.

शुद्ध ४
नत्थुजी सुतारानं बांबूच्या कामट्यांचा घुमट उभा केला. आतून म्या सारवला; जावयाचं सारवण म्हणजे म्हशीनं अंग घासलेलं. वर एक फट. दुर्बिणीतून ऊन येते अन् समोरच्या पांढऱ्या फडक्यावर थाळीएवढा सूर्य पडते. दुर्बिणीले डोळा लावू नका मामी, आंधळ्या व्हाल, म्हणे. मंग घेतली काहून, म्या विचारलं.

शुद्ध ७, रथसप्तमी
अंगणात दूध उतू घातलं. नातीच्या गालाले काजळाची तीट लावली. बोटाले थोडं उरलं. फडक्यावरचा सूर्य असा नितळ, एक डाग नाही. आज त्याचा सण. दृष्ट लागू नये म्हणून त्यालेही तेच बोट लावलं. खुशालराव पोट धरून हसले.

शुद्ध ८
फडकं धुतलं. काजळ गेलं, सूर्यावरचा डाग राहिला. दुसरं फडकं टांगलं, त्यावरही तोच. जावई खूश. सूर्यावर डाग असतात, पुस्तकात आहे म्हणे. पुस्तकात माझ्या बोटाच्या रेषा आहेत का, म्या विचारलं. त्यांनी वाकून पाहिलं. मंग हसले नाहीत.

शुद्ध १०
डाग बोरायेवढा झाला. नातीची तीटही बोरायेवढी. तेल चोळलं, बेसन चोळलं, निघत नाही. उन्हात धरली तरी तेवढी जागा विहिरीतल्या दगडासारखी गार. दूध पीत नाही.

शुद्ध ११
घुमटाची फट चिखलानं लिंपली. दुर्बीण काढली. फडक्यावर सूर्य तरी आहेच — डाग लिंबाएवढा.

शुद्ध १२
नातीचा गाल काळा. आता डोळ्याकडे चालला. नत्थुजी कुऱ्हाड घेऊन घुमट तोडायले आला अन् दारातूनच परतला. म्हणे, फडक्यामागून कोणी बोट दाबून राहिलं —

शुद्ध १३
भर दुपारी अंगणात सांज. बोट माझं, काजळ माझं. फडकं फाडलं अन् त्या जागी मीच बसली. सूर्य माझ्या लुगड्यावर. डाग छातीवर चढला — गार. बाहेरून सत्यवती आवाज देते, गाल उजळला, पोरगी दूध ओढते. ओढू दे. मी उठत नाही.

लिंपण आपोआप पडून राहिलं. फटीतून तो सूर्य पाहते. पाह्य. माझ्या घरी मी कोणाले भ्याली नाही, तुले काय भिऊ.

तीट म्या लावली. त्या लेकराले हात लावायचा नाही, काही पुसायचं नाही. मले पूस. जबाब मीच दे—