मिर्झाचा उपास

बारस्कून, १४ एप्रिल

माझ्या शिंगरा तिलेक,

तुझ्या आईचे तुला पोटभर आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. सरोवरावरचा वारा अजून बोचतो, पण जर्दाळू फुललेत. लाल गाय व्यायली, कालवड झाली. सालकिन आत्याचे गुडघे दुखतात, तोंड मात्र धडधाकट आहे. दर शुक्रवारी मी तुझ्या वडिलांच्या नावाने कणकेचे बोरसोक तळते. वास त्यांच्यापर्यंत पोचत असेल; आत्यापर्यंत तर नक्की पोचतो, कढई उतरायच्या आत ती दारात असते. शेजारची नुरझात तुमच्या येकातेरिनबुर्गला कामाला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर माझी जीभ माझ्या पुढे धावते. कागदावर जरा दमाने चालते.

आता मोठी बातमी. तुझ्या वडिलांच्या मिर्झाने काल उंदीर खाल्ला. साडेसहा महिन्यांनी! मी पेटीपुढे बसून होते. त्याने आधी जीभ लवलवून खात्री करून घेतली, मग असा झडप घालून धरला की मी स्टुलावरून मागे पडले. कंबर अजून ठणकते आहे. पण पडल्या पडल्या हसत होते, हे कुणाला सांगू नकोस.

तुला माहीतच आहे, हा साप मला कधी आवडला नाही. तीस वर्षं शहराजवळच्या केंद्रात विषारी सापांचं विष काढण्यात घालवली, तेवढ्याने पोट भरलं नाही म्हणून तुझे वडील म्हातारपणी हा बिनविषारी घरी घेऊन आले. वर नाव काय, तर मिर्झा. दरवर्षी थंडी पडायला लागली की मी भुणभुण लावायची, की पाहुणेरावळे येतात, ही पेटी इथून हलवा. दोन-चार दिवस ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, मग मुकाट्याने पेटी उचलून बटाट्याच्या तळघरात नेऊन ठेवायचे. मला वाटायचं, जिंकले.

गेल्या सप्टेंबरात ते गेले. त्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या हातून मिर्झाने शेवटचं खाल्लं होतं. नंतर तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी गिरणीवालीकडून उंदीर आणले. मी, जी उंदीर दिसला की पलंगावर चढते! लहान आणले, मोठे आणले, ऊन पाण्यात बुडवून चिमट्याने नाकापुढे नाचवले. ढिम्म. भेटायला येणारी माणसं पेटीत डोकावून म्हणायची, मालकाच्या दुःखाने अन्न सोडलं बघा मुक्या जिवाने. मला ते ऐकून बरं वाटायचं, तिलेक. चाळीस दिवसांनी माणसं पांगली. मग या घरात शोक करणारे आम्ही दोघेच उरलो, मी आणि तो साप.

आणि मला फार अपराधी वाटायला लागलं. इतकी वर्षं माझ्या तोंडापायी बिचाऱ्याला थंडीत बटाट्यांबरोबर राहावं लागलं, निदान आता तरी त्याला जपावं, असं ठरवलं. पेटी शेगडीशेजारी ठेवली. वर तुझ्या वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट पांघरला. सकाळ-संध्याकाळ लाकडं घालत होते. पण तो रात्रंदिवस पेटीत येरझाऱ्या घालायचा, काचेवर नाक घासून घासून सोलवटून घेतलं त्याने. अंगावरचं मांस उतरलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. सालकिन म्हणाली, त्याला माझ्या भावामागे जायचंय, त्याला रीतीने निरोप दे. घरात आलेल्या सापाच्या डोक्यावर दूध घालून वाटेला लावतात तसं तिने वाटीभर दूध त्याच्या डोक्यावर ओतलं. बाहेर गुडघाभर बर्फ, तो कुठे जाणार? वाटेला काही लागला नाही, पेटी मात्र आठ दिवस आंबूस घाणत होती. आत्याशी मी चार दिवस बोलले नाही. तिला ते कळलं की नाही, देव जाणे.

डिसेंबरात अचानक गेन्नादी काका आले. वडिलांबरोबर केंद्रात काम करायचे ते. गुडघ्याची वाटी झिजलेली, वय सत्त्याहत्तर, आणि बसने सात तास. दारातच त्यांना रडू कोसळलं. मग चहा झाला, मग त्यांनी पेटीवरचा कोट उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मिर्झाला कढईतच घातलं होतं.

म्हणाले, "वहिनी, याला शोकबिक काही नाही. याला हिवाळा हवाय. याची जात थंडीत खात नाही, गारव्यात झोपून राहते. तुम्ही याला तीन महिने झोपू दिलेलं नाही."

मी म्हटलं, मग ते तळघर?

"तुमचा आसानाली दरवर्षी मला सांगून हसायचा. म्हणायचा, थंडीत तळघरात ठेवायचा मला असतोच, पण तिने चार दिवस बोलून घेतलं की तिलाही बरं वाटतं."

बघ तुझा बाप! इतक्या वर्षांचा संसार, आणि माझी एकही भुणभुण त्यांनी खरी मानली नाही. मी तिथेच बसून आधी हसले आणि मग रडले. साप माझ्या बोलण्याने थंडीत पडला नव्हता. पण तो शोकही करत नव्हता. मी पुन्हा एकटी.

काकांनी पेटी थोडी थोडी करून गार केली, पाण्याची वाटी ठेवली आणि तळघरात नेली. मार्चअखेर वर आणायची, हे तीनदा बजावलं. ते निघाले तेव्हा मी विचारलं, मिर्झा खात नाही हे तुम्हाला कसं कळलं? त्यांना सांगायचं नव्हतं. मीच खोदून खोदून काढून घेतलं.

त्यांना तुझा फोन गेला होता म्हणे. दवाखान्यातून. वडील जायच्या बारा दिवस आधी तू बांधकामाच्या परांचीवरून पडलास, पायात लोखंडी सळ्या घातल्या, आणि मला सांगितलंस की साहेब रजा देत नाही. तू काकांना म्हणालास, "तो साप मेला तर आई स्वतःलाच दोष देत बसेल, मीच मारला म्हणून. तुम्ही जा."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. चाळिसाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. अंत्यविधीला तंबूच्या दारात काठी टेकून बापासाठी हंबरडा फोडायला मुलगा उभा राहतो, तिथे तुझ्या जागी चुलतभाऊ मेदेर उभा राहिला, हे माझ्या मनात सलत होतं. म्हणून सगळ्यांदेखत तुला फोनवर म्हणाले, की बाप गेला तर सापाने अन्न सोडलं, आणि पोटच्या पोराला दोन दिवस काढवत नाहीत. तुझ्यापेक्षा त्या सापाला माया जास्त. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, लाज वाटली असेल. तू तेव्हा पाय टांगून पडला होतास.

काकांकडून खरं ऐकल्यावर लगेच फोन करायला हवा होता. डिसेंबरपासून आजपर्यंत धीर झाला नाही. मिर्झा जगला तर लिहीन, असं स्वतःशीच ठरवून बसले. हा माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही.

तुझे उपकार मानायला मला शब्द सुचत नाहीत, पोरा. माझी बोलणी खाऊन, अंथरुणावरून तू माझ्याच घरचा विचार केलास. इतकं मोठं मन तुला वडिलांकडून आलं, माझ्याकडून तर नक्कीच नाही. आत्याला, मेदेरला, चाळिसाव्याला जे जे हजर होते त्या सगळ्यांना मी घरोघर जाऊन सांगून आले, की मी चुकले.

पाय कसा आहे, खरं खरं कळव. शुक्रवारी फोन कर. या वेळी मी गप्प बसेन, तू बोल. बोलता आलं नाही तर रड, मी ऐकते. इतके महिने मी या घरात एका सापाला सोबतीला धरून रडत होते, आणि तिकडे माझा मुलगा एकटा रडत होता.

तुझी चुकलेली,
आई