चार फुटांची हिरवी रेघ

अण्णा, पुढच्या महिन्यात आम्ही सिंगापूरला चाललोय. तुमचा जावई, मी आणि तुम्ही कधी न पाहिलेली तुमची नात. पाच दिवसांतला एक अख्खा दिवस तिथल्या थीम पार्कसाठी ठेवलाय. मी चाकणला कंपनीत प्लॅनिंग बघते, त्यामुळे घरची सहलसुद्धा कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेट उघडायच्या आधी पोचायचं, लांब रांगेच्या राइड आधी उरकायच्या, ऊन चढलं की आतले खेळ. सगळं जुळलं. फक्त लेकीचा जीव ज्या रोलर कोस्टरमध्ये अडकलाय, त्याला एकशे बावीस सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे तेच आपले चार फूट. आणि लेक दोन बोटं कमी आहे. इतक्या वर्षांनी मी तुमच्याशी बोलायला का बसले, ते तुम्हाला आता कळलं असेल.

तुमच्या कंपनीची पिकनिक. पिंपरीहून दोन बस भरून आपण लोणावळ्याच्या बाजूच्या एका पार्कमध्ये गेलो होतो. मी आठ वर्षांची, अंगात नवा पिवळा फ्रॉक. तुम्ही तपासणी खात्यात होता. दिवसभर सुटे भाग गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावून बघायचे, बसला तर हिरवा ठिपका, नाही बसला तर लाल. त्या दिवशी पाऊण तास रोलर कोस्टरच्या रांगेत उभं राहून माझा नंबर येतो, दारावरचा माणूस चार फुटांच्या पट्टीकडे बघून न बघितल्यासारखं करतो, मी आत शिरतेच, आणि मागून तुमचा आवाज येतो, "थांबा राव. दोन बोटं कमी हाय ती. बसवू नका."

"चालतंय हो काका, लेकरू आहे. बसू द्या."

"दांडा तिच्या मांडीला टेकंल का? गेजला पोरगी कुणाची ते कळत न्हाई."

झालं, मला लाल ठिपका लागला. तुमच्या खात्यातली सगळी माणसं मागे उभी होती. त्यांच्यासमोर मी किंचाळले, "तुम्ही माझे अण्णा नाहीच, तुम्ही कंपनीचे चेकर आहात." माणसं हसली. तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते. मग दिवसभर तुम्ही माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिलात. स्वतः एकाही पाळण्यात बसला नाहीत. तुम्ही आणलेल्या भेळेला मी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिंचवडच्या घरात, स्वयंपाकघराच्या चौकटीवर, टेपनं बरोबर चार फूट मोजून एक रेघ मारलीत. कंपनीतल्याच मार्करनं, हिरवी. दर रविवारी म्हणायचात, "ये गं, उभी ऱ्हा बरं." मी त्या दारातून जाताना मुद्दाम वाकून जायचे. वर्षानं पिकनिकचा कागद आला तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि एखादं गुपित सांगावं तसं म्हणालात, "औंदा बसतीस तू. दुपारी झोपली होतीस तवा टेप लावून बघितलंय म्या. वर बोटभर जास्तच हाय." मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "मला नाही यायचं. तुम्ही जा, मोजत बसा." तुम्ही कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत. पिकनिकच्या रविवारी तुम्ही ओव्हरटाइमला गेलात. पुन्हा मला कधी कुठल्या पिकनिकला चल म्हणाला नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

ही गोष्ट मी पुढे सगळीकडे सांगितली, अण्णा. कॉलेजात, सासरी, ऑफिसात. माझे वडील असे, पोटच्या पोरीला रिजेक्ट केलं! लोक पोट धरून हसतात. पायरीपर्यंत सांगते आणि थांबते. रेघेचं कुणालाच सांगत नाही, कारण ते सांगितलं तर लोक हसायचे थांबून माझ्याकडे बघतील. परवा कंपनीच्या बसमध्येही सांगितली. शेजारची मैत्रीण हसून हसून म्हणाली, "तू नको अशी करूस बाई. बुटात जाड इनसोल घाल पोरीच्या, दोन बोटं कुठेच गेली नाहीत." मी त्याच संध्याकाळी इनसोल आणून तिच्या बुटात घातले.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन आईकडे गेले. आईनं घराला दोनदा रंग दिला, पण ती चौकट रंगवू दिली नाही. रेघ चार फुटांची आहे असं आजीनं सांगताच लेक आपण होऊन तिच्याखाली जाऊन उभी राहिली, ताठ, श्वास रोखून. "आई, बसते का मी?" माझी आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, ती लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. लेकीच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या. मला स्पष्ट दिसत होत्या. तुम्ही असता तर खाली वाकून हलक्या हातानं त्या टेकवल्या असत्या, आणि मग दिवसभर तिच्याशेजारी पायरीवर बसला असता.

मी म्हटलं, "बसतेस."

लेक नाचत बाहेर पळाली. आई पुन्हा पोळी लाटायला लागली. हे सगळं मी सहलीच्या आखणीच्या कागदामागेच लिहिलंय, तो कुठे धाडायचा नाहीये. बॅग आतापासूनच भरून ठेवलीये. लेकीचे बूट सगळ्यात वर ठेवलेत, आणि इनसोल मी अजून त्यातून काढलेले नाहीत.